हौद्याच्या काठावर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे आपल्या बॅचमध्ये निदान दहा जण आहेत, आणि ज्यांना त्यातलं काही कळत नाही तेही रोज ग्रुपवर बोलतातच. मला सध्या ज्या विषयाचा रोजचा अनुभव आहे, त्यावर बोलू द्या. तो विषय म्हणजे माझी पावणेदोन वर्षांची मुलगी आणि तिची पडझड.

हसू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं दहावी-बारावीला आहेत, काहींची तर कॉलेजात. या शर्यतीत मी तुमच्या मागून पंधरा वर्षांनी निघाले. पण समोर बसलेले आपले सर आणि बाई आता आजी-आजोबा झालेत, आणि सुट्टीत पुण्या-मुंबईची, अमेरिकेची नातवंडं त्यांच्या घरी येतात. त्यामुळे हा विषय अगदीच माझ्या एकटीचा नाही.

लॉकडाऊनमध्ये काम घरून सुरू झालं आणि आम्ही पुण्याहून कोल्हापुरात सासरच्या घरी राहायला आलो, ते इथलेच झालो. घर मंगळवार पेठेतलं, जुनं. पुढं ओटा, ओट्याला तीन दगडी पायऱ्या, मागं परडं. लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. त्या अकरा वर्षांत काय काय झालं ते सांगत बसत नाही. ज्यांनी दवाखान्याच्या त्या बाकांवर वेळ काढलाय त्यांना ते माहीत आहे. सांगायचं एवढंच, की अशा मुलाकडे घरातले सगळे कसे बघतात? काचेच्या भांड्याकडे बघतात तसं. ती रांगायला लागली आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या नवसासायासानं झालेलं पोर, खाली कशाला सोडतीस?" सहा माणसांच्या घरात तिचे पाय जमिनीला लागणार नाहीत याची पुरेपूर सोय होती. एक दमला की दुसऱ्याच्या कडेवर.

मी तिला खाली सोडायचं ठरवलं. हट्ट म्हणून नाही. माझं कामच असं आहे, की एखादी गोष्ट चालते की नाही हे ती चालवून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि मूल चालायला शिकतं ते पडूनच. २०१२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं चित्रित केलं आणि चक्क मोजलं. सरासरी निघाली तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. ढोबळ हिशेबानं १४० पावलांमागं एक आपटी. हे तब्येतीनं चांगल्या, हुशार, सर्वसाधारण मुलांचं आहे. म्हणजे आपण ज्याला 'पडलं बाई पोर' म्हणून धावतो, ते त्या वयाचं रोजचं काम आहे. मुलाची उंची कमी, वजन कमी, त्यामुळे सपाट जमिनीवरच्या बहुतेक आपट्या किरकोळच असतात. या पडण्यातूनच तोल कसा सांभाळायचा, हात कुठं टेकायचे, किती उंचीवरून उतरता येतं, हे अंगात मुरतं. कडेवर बसलेल्या मुलाला हे कुणीही समजावून सांगू शकत नाही.

आता हे ऐकायला सोपं आहे. पण ती दीड वर्षाची असताना ओट्याच्या पायरीवरून घसरली आणि भुवईवर दोन टाके पडले. पायरीच्या दगडाचा टवका उडून तिथली कड धारदार झाली होती. शंभर वर्षांत त्या कडेवर घरातल्या सगळ्यांचे पाय पडले असतील, कपाळ पहिल्यांदाच पडलं. टाके घालून घरी आलो तर ओट्यावर निम्मी गल्ली. कुणी हळद सांगितली, कुणी दृष्ट काढायला मिरच्या आणल्या, आणि एका काकूंनी जे सगळ्यांच्या मनात होतं ते बोलून टाकलं: "मुलीची जात. चेहऱ्यावर व्रण राहिला तर पुढं कसं व्हायचं?"

त्या रात्री घरात खरा प्रश्न उभा राहिला. सासूबाईंनी जेवण केलं नाही. त्यांचं म्हणणं, पोरीला ओट्यावर सोडायचीच नाही, मधल्या खोलीत गादी टाकून तिथंच खेळवायची, दाराला फळी लावायची. त्यांची भीती खोटी नव्हती. मलाही त्या रात्री झोप लागली नाही. अकरा वर्षं वाट बघितलेल्या मुलीचं रक्त आपल्या ओढणीवर बघितल्यावर शास्त्रबिस्त्र आठवत नाही. प्रश्न असा होता, की उद्या सकाळपासून काय करायचं? फळी लावायची, की पायरी तशीच ठेवायची?

उत्तर मला आपल्या गावातच सापडलं, आणि ते सापडायला तालमीत जावं लागलं नाही. आपण सगळे कुस्ती बघत वाढलोय. तालमीत हौदा असतो. त्यातली लाल माती रोज उकरतात, भुसभुशीत करतात, खडा सापडला तर वेचून टाकतात. मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालतात. हे सगळं कशासाठी? पोरगं पडणार आहे म्हणून. तिथं कुणी पोराला 'पडू नकोस' असं सांगत नाही. आधी माती तयार करतात आणि मग म्हणतात, उतर. वस्ताद कुठं असतो? हौद्याच्या काठावर. तो पोराचा हात धरून कुस्ती खेळत नाही, पण तिथून नजरही हलवत नाही. आणि आठ वर्षांच्या पोराची जोड तो वीस वर्षांच्या गड्याबरोबर लावत नाही.

फळी आणि तशीच टवका उडालेली पायरी, हे दोनच मार्ग नव्हते. तिसरा मार्ग हौद्याचा होता. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला, पायऱ्यांच्या कडा घासून गोल करून घेतल्या. खाली पायपुसण्याचा जाड काथ्याचा गालिचा टाकला. आणि टाके निघाल्यावर मी तिला रोज संध्याकाळी पायऱ्यांवर घेऊन बसले. उतरायचं कसं? तोंड घराकडं, पोटावर पालथं, पाय आधी खाली. चार दिवस मी तिचे पाय धरून खालच्या पायरीवर टेकवले. पाचव्या दिवशी तिनं माझा हात झटकला. आता ती पलंगावरून, सोफ्यावरून, पायऱ्यांवरून तशीच उतरते. फळी लावली असती तर ज्या दिवशी ती उघडी राहिली असती त्या दिवशी पायरीशी तिची पहिली गाठ पडली असती, तीही कुणी जवळ नसताना.

हे काही मी नव्यानं शोधलेलं नाही. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधलं कलोसियम बघितलं आणि त्यावरून त्यांना खासबाग मैदान सुचलं, असं आपल्याकडे सांगतात. त्याच रोममध्ये १९०७ साली डॉ. मारिया माँटेसरींनी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मुलांसाठी पहिलं 'बालगृह' उघडलं. तिथं टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाच्या आणि हलक्या ठेवल्या. मुलांना खऱ्या काचेचे पेले आणि चिनी मातीच्या बशा दिल्या. का, तर न फुटणारं भांडं मुलाला काहीच शिकवत नाही. पेला एकदा फुटला की पुढचा पेला मूल दोन्ही हातांनी धरतं. मोठ्यांचं काम वातावरण तयार करायचं, आणि मुलाच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही, हे त्यांचं सूत्र. पुढं १९३९ साली त्या भारतात आल्या आणि युद्धामुळं १९४६ पर्यंत इथंच राहिल्या.

पण त्या येण्याच्या कितीतरी आधी हा विचार आपल्याकडे मराठी बाईच्या हातून रुजत होता. ताराबाई मोडक १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करायला गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथं त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढं हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या बायकांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माती, पानं, फुलं, शिंपले हेच साहित्य. अंगणवाडी हा आज देशभर चालणारा शब्द तिथला. मला त्यातलं 'अंगण' फार महत्त्वाचं वाटतं. मुलाचं शिकणं घराच्या उंबऱ्यापाशी, रोजच्या वस्तूंमध्ये होतं, हे त्यांनी ओळखलं होतं. आणि आपल्या कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय काढलं, तेही मुलांनी धाक-शिक्षेशिवाय, हातानं करून, बघून, चुकून शिकावं म्हणूनच. म्हणजे हा विचार परदेशातून आलेलं फॅड नाही, तो आपल्या दारात आहे.

आता माती उकरायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगते, कारण 'मुलांना मोकळं सोडा' असं नुसतं म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे. मी धोक्याचे दोन ढीग करते. ज्यातून मूल रडतं आणि शिकतं, तो एक ढीग. ज्यातून शिकायला मूल उरणार नाही, तो दुसरा. दुसऱ्या ढिगाबाबत तडजोड नाही, तिथं शिकवणं-बिकवणं नाही, ती वस्तू तिच्या जगातच नको.

पहिलं पाणी. आपल्याकडे नळाला पाणी आलं की बादल्या, पिंपं भरून ठेवायची सवय. चालायला लागलेलं मूल डोकं जड असल्यानं बादलीत वाकलं की उलटं पडतं आणि परत वर येऊ शकत नाही. दोन-तीन इंच पाणीही पुरतं. मोरीच्या दाराला वरून कडी हवी. दुसरं वीज. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खालची सॉकेटं शटरवाली घ्या. तिसरं बटणासारखे चपटे सेल, जे रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यांत, वजनकाट्यात असतात. असा सेल घशाखाली अडकला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका आतून गंभीर भाजू शकते. नुसती शंका आली तरी केळं भरवत, वाट बघत बसायचं नाही, थेट एक्स-रेची सोय असलेला दवाखाना गाठायचा. चौथं घशात अडकणारं: शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सुपारी, अख्खी द्राक्षं. पाचवं देवघरातला कापूर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल किंवा फिनेल. शेवटचं उंची: गच्चीचा कठडा, खिडकीचे गज. चार इंचांपेक्षा जास्त फट नको, आणि खिडकीखाली पलंग किंवा स्टूल नको. गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद, गरम आमटीचं पातेलं ओट्याच्या आतल्या बाजूला, आणि उंच कपाट व टीव्ही भिंतीला पक्का.

ही यादी संपली की उरलेलं घर तिचं. खालच्या दोन फडताळांत मी स्टीलची भांडी, लाकडी उलथनी, चाळणी ठेवलीय. तिनं ती रोज काढावी, आपटावी. ड्रॉवरमध्ये बोट चेमटलं, दोन दिवस काळंनिळं होतं; आता ती मुठीला धरूनच ड्रॉवर लावते. कणकेचा डबा उपडा केला, झाडून घ्यायला अर्धा तास गेला. परड्यात शहाबादी फरशीवर गुडघे फुटले. हे सगळं पहिल्या ढिगातलं. तिथं मी काठावर बसते.

बसणं म्हणजे मोबाइल बघणं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'मोकळीक' या नावाखाली आपल्या पिढीनं दुर्लक्षही सुरू केलंय. वस्तादाची नजर हौद्यात असते.

माझ्या कामातली एक सवय मात्र घरी फार उपयोगी पडली. आमच्याकडे रात्री दोनला एखादी यंत्रणा बंद पडली की दुसऱ्या दिवशी सगळे बसून लिहून काढतात: काय झालं, कशामुळं झालं, काय बदलायचं. 'कुणामुळं' हा रकाना नसतो. कारण तो असला की माणसं खरं सांगत नाहीत, आणि खरं कळलं नाही की तेच परत घडतं. आपल्या घरांत नेमकं उलट असतं. मूल पडलं की पहिला प्रश्न: "कुणाचं लक्ष नव्हतं?" मग सून गप्प, आजी गप्प, आणि पायरीची कड तशीच धारदार. आम्ही फ्रिजवर एक वही लटकवली. तीन रकाने. पहिल्या पंधरवड्यात त्यात फक्त माझं अक्षर होतं. मग एक दिवस सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ दिसली: "मोरीचं दार उघडं राहतं. कडी वर बसवली." त्यांनी कुणाला न सांगता सुतार बोलावला होता. घरातली भीती बोलायला लागली की ती कामाला लागते, हे मला त्या ओळीनं शिकवलं.

सासूबाईंचं सगळं पटलं किंवा माझं सगळं त्यांना पटलं, असं मात्र नाही. त्या अजून अधूनमधून तिला उचलतात, मी अधूनमधून उचलू देते. आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली ती इथं सांगायलाच हवी. 'आमच्या वेळी पोरं अशीच वाढली, काही झालं नाही', असं आपण सहज म्हणतो. सासूबाई म्हणाल्या, "कोण म्हणतं काही झालं नाही? विहिरीत गेली, स्टोव्हनं भाजली, रॉकेल प्यायली. जी गेली ती सांगायला येत नाहीत." तेव्हा जुन्या काळाचे गोडवे गाऊन मुलं सोडायची नाहीत. वाड्यात मोकळीक होती तशा दहा जणांच्या नजराही होत्या. आज घरात एक मूल, एक मोठं माणूस आणि एक फोन. नजरा कमी झाल्या म्हणूनच माती जास्त नीट उकरावी लागते.

आणि त्या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं. मुलीच्या चेहऱ्यावरचा व्रण. मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींना लहानपणी भिंतीवर चढू दिलं होतं? "नीट बस", "पडशील", "मुलगी आहेस" हे ऐकतच आपण मोठ्या झालो. मुलगा पडला तर "ऊठ, पैलवान आहेस", आणि मुलगी पडली तर "दिसायला कसं दिसेल?" तीच पायरी, तेच रक्त, शब्द वेगळे. पायरीवरून उतरू नकोस म्हणून वाढवलेल्या मुलीला वीस वर्षांनी आपणच सांगणार, की एकटी पुण्याला जा, नोकरी कर, धीट हो. ते धीटपण कुठल्या दुकानातून आणायचं? माझ्या मुलीच्या भुवईवर बारीक रेघ राहिलीय. ती राहू दे.

आपल्या शाळेत आठवीला विज्ञानाच्या बाईंनी आम्हा मुलींच्या हातात काडेपेटी देऊन स्पिरिटचा दिवा स्वतः पेटवायला लावला होता, आठवतंय का? शेजारी ओलं फडकं आणि वाळूची बादली ठेवली होती, आणि बाई टेबलाच्या पलीकडे हाताची घडी घालून उभ्या होत्या. माझे हात थरथरत होते. बाईंनी दिवा माझ्याकडून काढून घेतला नाही. पुढं इंजिनिअरिंगच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडाली तेव्हा मी मागं सरले नाही, त्याचं श्रेय त्या तासाला आहे. बाई आज समोरच बसल्यात. बाई, तुम्ही काठावर उभ्या राहिलात, म्हणून तुमचे आभार.

शेवटी, आजी-आजोबा झालेल्यांना आणि होऊ घातलेल्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी. मूल पडलं की किंचाळू नका, मनात तीन अंक मोजा आणि त्याच्या तोंडाकडं बघा. बऱ्याचदा ते आधी तुमचा चेहरा बघतं आणि मग रडायचं की नाही ते ठरवतं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, तूप काही नको, बर्फही नको. रॉकेल किंवा फिनेल प्यायलं तर ओकारी काढायला लावू नका, तडक दवाखान्यात न्या. आणि डोक्याला मार लागल्यावर मूल बेशुद्ध पडलं, परत परत उलट्या झाल्या, झटका आला, किंवा उठवूनही नीट जागं होत नसेल, तर 'बघू उद्या' म्हणू नका. एवढं लक्षात ठेवलं, माती नीट उकरली, की बाकीच्या वेळी पोराला हौद्यात उतरू द्या.

तुमची मुलं आता गाडी चालवायला मागतायत, दूरच्या कॉलेजात जायचं म्हणतायत. तुमचा हौदा मोठा झाला एवढंच. काठ सोडू नका, आणि आत उतरून त्यांची कुस्तीही खेळू नका.